काळ्या मडक्याचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. ग्वातेमालाच्या डोंगरात, आमच्या गावच्या सभाघराच्या पत्र्यावर एकवीस वर्षं बसलोय. अंग गंजलंय, पण घसा खणखणीत! बैल हरवला, मयत झाली, सभा भरली, सगळं मीच सांगायचो. माझा माईक कायम पाणी समितीच्या इलारिओकाकांच्या हातात. "भोंगा बोलला म्हणजे झालं," असं लोक म्हणायचे. केवढा मान होता माझा!

मग ते मडकं आलं.

झऱ्याचं पाणी थोडं. नवा नळ एकीकडेच जाणार होता: इलारिओकाकांच्या कोबीच्या शेतात, नाहीतर वरच्या वस्तीत, जिथल्या बायका रोज डोक्यावरून पाणी वाहतात. सभेत हात वर करून ठरायचं. काका नजर फिरवायचे आणि त्यांच्या शेतात राबणाऱ्यांचे हात आपोआप वर जायचे. बायका तर नवऱ्याचा हात बघूनच आपला उचलायच्या.

सतरा वर्षांच्या तोमासाने गावातल्या पोरापोरींचा गट जमवला होता. माणसाच्या हक्कांबद्दल घरोघर बोलत फिरायची ही पोरं. भर सभेत तोमासा उठली.

"काका, या वेळी मत गुपचूप. वस्तीसाठी मक्याचा दाणा, शेतासाठी काळा घेवडा. मूठ मिटून मडक्यात हात घालायचा. कुणाचं काय, कुणाला कळणार नाही."

आणि आणलं काय, तर काजळी धरलेलं, काठ फुटलेलं मडकं! सगळं गाव त्याच्यासमोर रांगेत उभं. माझ्याकडे कुणी मान वर करून बघेना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मोजणी जेवणानंतर ठरली. वरच्या वस्तीतल्या पेत्रोनामावशी सभा सुरू झाल्यापासून मागच्या चुलीपाशी सगळ्यांसाठी रांधत होत्या, मतांचं त्यांना काही ठाऊकच नव्हतं. त्यांना कोपऱ्यात मडकं दिसलं. "घेवडा नि मका? बरं झालं, रस्सा दाट होईल," म्हणत त्यांनी पाणी ओतलं आणि मडकं चुलीवर चढवलं.

तोमासा धावत आली तोवर घेवडा फुटला होता. "मावशी! अगं, मतं शिजवलीस!"

"मेले मी! मीठसुद्धा घातलं गं!"

"खा आता तुमची लोकशाही," इलारिओकाका म्हणाले. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. पण पोरं हटली नाहीत. रविवारी पुन्हा मडकंच ठेवायचं ठरलं, आणि दुपारच्या आत जे येतील त्यांचीच मतं धरायची.

रविवारी सकाळी तोमासाने माईक घेतला. "वरच्या वस्तीतल्या मावश्यांनो..."

मी नुसता खरखरलो. मुद्दाम! मडक्यासाठी मी का ओरडू? पुन्हा तिने हाक मारली, पुन्हा मी खरखरलो. काका गालात हसले. पोरीने माईक ठेवला आणि चढण चढायला लागली.

दुपार व्हायच्या आत ती परतली. दारोदार हाका मारून घसा बसला होता. मागे चाळीसेक बायका, पुढे पेत्रोनामावशी. मडकं भरलं, मोजलं: मका अठ्ठावन्न, घेवडा एक्केचाळीस.

निकाल सांगायला काकांनी सवयीने हात पुढे केला. तोमासाने माईक मावशींना दिला.

"मी? मला नाही बाई येत."

"मतं शिजवता येतात, नि बोलता येत नाही होय?"

सगळे हसले. मावशींनी माईक दोन्ही हातांनी धरला. "पाणी... आमच्याकडे वर येतंय." आवाज पार समोरच्या डोंगरापर्यंत गेला. त्यांनी दचकून तोंडावर हात ठेवला, हसल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या, मोठ्याने. या वेळी मी खरखरलो नाही. मित्रांनो, मला फार लाज वाटली. एकवीस वर्षं या गावात मी एकच आवाज ऐकवत होतो, आणि एका मडक्याच्या रागापायी या बाईचं पाणी तोडायला निघालो होतो.

त्या मडक्याचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? त्यात गावातल्या सगळ्यांचे हात गेलेत. म्हणून एवढंच मागतो. माझा गंज नका पुसू, रंग नका देऊ. फक्त माझा माईक पुन्हा कुणा एकाच्या हातात राहू देऊ नका.