जूवरची गौर

मी जू बोलतेय. बैलांच्या मानेवरचं जू नव्हे. आमच्या नदीकाठच्या आगरी गावांत बेटाला जू म्हणतात. चहूबाजूंनी पाणी असलं की जू, नाहीतर नुसती जमीन.

बदलापूरच्या खाली उल्हास नदी एका काळ्या कातळाला अडते आणि दुभंगते. कातळामागे डोंगरातला गाळ साचत गेला आणि मी झाले. एका अंगाला मोठी नदी, दुसऱ्या अंगाला अरुंद, गुडघाभर पाण्याची वाट. गाव तिला नाळ म्हणायचं. दर पावसाळ्यात नदी मला थोडी खायची, थोडी परत द्यायची. दोन हजार पाचच्या पुरात तर तिनं माझा खालचा शेंडाच गिळला. तरी मी रागावले नाही, ते घरातलं भांडण.

माझ्यावर काकड्या पिकायच्या. फाळणीनंतर उल्हासनगरच्या लष्करी बराकींत, म्हणजे कॅम्पांत, सिंधी माणसं येऊन राहिली, तेव्हा काठावरच्या गोदूबाईची सासू डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन कॅम्पात जायची आणि गिऱ्हाइकाला सिंधीत ‘साईं’ म्हणायला शिकून आली. पुढे पाण्याला वास यायला लागला, मळे सुटले. उरला तेरडा. तो कुणाला पेरावा लागत नाही.

गोदूबाईची पहिली मुलगी वेणू. दात यायच्या आधीच तापानं गेली. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. तिला माझ्या कुशीत, कातळाच्या आडोशाला ठेवलं. सासू म्हणाली, “गेलेल्या ल्हान पोराचं नाव घेवाचं नाय.” गोदूबाईनं ते पाळलं. मागून झालेल्या कमलेशलाही तिनं कधी सांगितलं नाही.

पण आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याची मुळासकट उपटलेली रोपं, आणि ती पाणी ओलांडून आणायची असते. भाद्रपदात पूर ओसरला की गोदूबाई लुगडं गुडघ्यावर खोचून नाळेत उतरायची आणि कातळाजवळचाच तेरडा उपटायची. परतताना मधल्या पाण्यात थांबून हळूच म्हणायची, “चल वेनू, घरा चल.” विसर्जन झालं की पुन्हा येऊन, बी तिथेच पडावं म्हणून पिकल्या शेंगा कातळापाशी फोडायची. वर्षातून एकदा लेक माहेरी जाऊन यायची, एवढंच.

यंदा उन्हाळ्यात डंपर आले. पुढे कमलेशच होता. काठावर इमारती व्हायच्या होत्या, भरावाचं काम त्यानं घेतलं होतं. त्यानं जूवर माल टाकायला सांगितला, तेव्हा डंपरवाल्या मुकेशनं विचारलं, “जू पे मतलब? उधर जुआ चलता है क्या?”

कमलेश हसला. “अरे नाय रे, आयलंड! पहले ये नाळ भर दे. माझ्या आयचे गुडघे गेलेत. सूखे पाँव गौर लाएगी.”

मायेनंच केलं त्यानं. नाळ बुजली. उरलेला राडारोडा कातळापाशी पसरला, जागा सपाट व्हावी म्हणून. मला ओरडता आलं असतं तर!

गौरीच्या दिवशी त्यानं आईला गाडीनं आणलं. “बघ आय, पाय पन भिजवाचा नाय.”

फुटक्या लाद्या, सिमेंटचे तुकडे. तेरडा कुठेच नव्हता.

“वेनू व्हती रं तय,” गोदूबाई कातळाकडे बोट करून म्हणाली.

“कोन वेनू?”

“तुजी भन.”

कमलेश खाली बसला आणि हातांनीच तुकडे उपसायला लागला. बोटं रक्ताळली तेव्हा तिनंच त्याला उठवलं. तो म्हणाला, “कॅम्प दोनच्या बाजारात तेरडा भेटंल, आय.”

“ती कुनाची तरी लेक आसंल. माजी नाय.”

यंदा त्या घरी गौर बसली नाही. आणि मला पोरकं वाटलं, खोटं कशाला बोलू?

विसर्जनाच्या दिवशी ती एकटी आली. जिथे नाळ होती तिथे थांबली. सवयीनं लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि त्या कोरड्या भरावावरून, पाण्याचा अंदाज घेत घेत, एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आली.

आता मी जू नाही, नुसती जमीन आहे. इथे राहायला आलात, तर कातळाजवळ हातभर माती मोकळी करा. तेरड्याचं बी खाली आहे. आणि गोदूबाईला कुणीतरी सांगा, वेणू कुठे गेलेली नाही, माझ्याच कुशीत आहे.