तिलाही मोजा

भुईमूग काढायचे दिवस होते आणि जमीन वाळून दगड झाली होती. वेल ओढला की शेंगा खालीच तुटून राहायच्या. मी कुदळीनं ढेकळं फोडत होतो आणि मेहुणा मागून बोटांनी शेंगा वेचत होता. वेचायचं काम माझ्या बायकोचं. ती गेल्यापासून तिचा भाऊ न सांगता यायचा आणि तिच्या जागी उकिडवा बसायचा. हात हळू, तोंड जोरात.

"दाजी, आज सभेत कुठं बसणार?"

"दरवेळी बसतो तिथंच."

"म्हणजे दवाखान्याच्या बाजूला. तिथला डॉक्टर शेवटचा कधी पाहिलात? त्याच्या खुर्चीवर कोंबडी अंडी घालते."

"नर्सबाई आहे ना."

"नर्सबाई पट्टी बांधेल, सुई टोचेल. पोट कापायची वेळ आली तर?"

"त्या वेळी तुझ्या कार्डानं काय केलं ते सांग की."

तो हातातलं ढेकूळ चुरत राहिला. वारा गरम होता, माती सरळ डोळ्यांत जात होती. दोघांनीही डोळे पुसले, मातीचं निमित्त बरंच झालं.

भांडण आमच्या गावचं नव्हतंच, ते राजधानीतून आलेलं. तिथं एक पक्ष म्हणत होता, आजारी माणूस सरकारनं सांभाळावा, गावोगाव दवाखाने चालवावेत. दुसरा म्हणत होता, दवाखाने कसले चालवता, माणसाला कार्ड द्या, तो शहरातल्या चांगल्या इस्पितळात जाईल, बिल सरकार भरेल. आता वरून हुकूम आला होता की गावानं काय ते ठरवावं. दवाखाना ठेवायचा, की तो बंद करून आठवड्यातून एकदा इस्पितळाची गाडी मागवायची. गाडी घेतली तर नर्सबाईची बदली होणार होती. आणि माझी सून पोटुशी, दिवस भरत आलेले. मुलगा परगावी गवंडीकामाला.

आमच्या गावात हात वर करून मोजत नाहीत. आवारात एक बाजू भिंतीची, एक विहिरीची. ज्याला जे पटतं, त्यानं उठून त्या बाजूला जाऊन बसायचं. सगळ्यांच्या देखत उठावं लागतं, म्हणून उठणारा खोटं बसत नाही. मी भिंतीकडे, दवाखानावाल्यांत बसायचो. बायको माझ्याशेजारून उठायची आणि विहिरीकडे जाऊन बसायची. दर सभेला. कार्ड तिनंच हट्टानं काढलं होतं. परत येताना म्हणायची, "तुमचं मत मी खाल्लं. आता घरी चला, जेवा."

तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा आधी नर्सबाईकडे नेलं. ती म्हणाली, हे माझ्या हातातलं नाही, ताबडतोब शहरात न्या. मेहुण्यानं जीप काढली. कार्डाच्या इस्पितळात काउंटरवरच्या पोरीनं कार्ड पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि सांगितलं की हे ऑपरेशन कार्डात बसत नाही. तिथून सरकारी मोठ्या दवाखान्यात. तिथं कुणी काही मागितलं नाही, पण खाट नव्हती आणि ऑपरेशन करणारा रजेवर होता. व्हरांड्यात सतरंजीवर झोपवली. ती म्हणाली, "तुमचं सरकार आणि माझं कार्ड, दोघांनी मिळून मला चांगलं फिरवलं." हसायला गेली आणि पोट धरून वळली. ऑपरेशन करणारा येईपर्यंत ती राहिली नाही.

दुपारी सभा भरली. भिंतीकडून मास्तर उठले. "या गावच्या एका बाईला कार्ड हातात असताना दारातून परत पाठवलं. ती आज इथं असायला हवी होती!" माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

विहिरीकडून बियाण्यांचा दुकानदार उठला. "आणि त्याच बाईला तुमच्या सरकारनं जमिनीवर झोपवलं, ते का नाही सांगत मास्तर? गावच्या बहिणीला सतरंजीवर मरू दिलं!"

दोघंही खरंच बोलत होते, म्हणून जास्त लागत होतं. एकानं तिला इकडं ओढायचं, दुसऱ्यानं तिकडं. मेहुणा मान खाली घालून विहिरीच्या कट्ट्यावर नख घासत होता.

मग बसाबस झाली. कारभाऱ्यानं दोन्हीकडची डोकी मोजली, दुसऱ्यांदा मोजली आणि म्हणाला, "भिंतीची बाजू एकानं पुढं. दवाखाना राहिला."

मास्तरांनी माझी पाठ थोपटली. "वहिनींनी जिंकून दिलं!"

मी उठलो. "कारभारी, मोजणी चुकली."

"दोनदा मोजलंय बाबा."

"माझी बायको धरायची राहिली. ती विहिरीकडं बसायची."

आवारात कुणी तरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

"मेलेलं माणूस मोजता येतं का?" कारभारी म्हणाला.

"मघापासून दोघांनी तिला इथं उभी केली. बोलायला चालते, मग मोजायला काय झालं? ती गेली म्हणून तिचं मत बदललं नाही. माझ्याशी भांडून बसायची ती तिकडं. तिलाही मोजा."

मास्तरांनी माझी बाही ओढली. "अरे, तुझ्याच सुनेचा विचार कर. नर्सबाई गेली तर?"

"करतोय. पण तिच्या नावानं जिंकायचं असेल तर तिला विचारून जिंका."

विहिरीकडच्या बायकांतली एक म्हातारी सरकली आणि शेजारी जागा करून बसली. "कारभारी, मोजा हो. इथं बसायची ती."

कारभाऱ्याला मनातून बरंच वाटलं असावं. कुणाची तरी नाराजी घ्यावी लागणार होती, ती टळली. "मग बरोबरी. आहे तसं राहील, पुढच्या सभेपर्यंत," म्हणाला आणि घाईघाईनं चप्पल शोधू लागला.

म्हणजे नर्सबाई तेवढ्यापुरती राहिली, डॉक्टर नाहीच, गाडीही नाही. मास्तर माझ्याशी न बोलता गेले. दुकानदार जाता जाता म्हणाला, "वेडा झालाय बिचारा." मेहुणा मात्र मागं मागं घरापर्यंत आला.

बातमी आमच्या आधी पोचली होती. सून उंबऱ्याशी पाय पसरून बसली होती, पावलं सुजून टम्म झालेली.

"मामंजी, सासूबाईंना मोजायला लावलंत म्हणे."

"हो."

"त्यांना मोजलंत. माझं काय?"

मेहुणा पुढं झाला. "पोरी, तू घोर करू नकोस. जीप तुझ्या दारात उभी ठेवतो आजपासून."

"आणि नेणार कुठं?"

"वेळ आली की बघू. कार्डाच्या..."

"आधी सरकारी," मी म्हणालो.

"दाजी, तिथं खाट नाही!"

"आणि तुझ्या काउंटरवर काय आहे?"

"बघा," सून म्हणाली. तिनं चौकटीला धरून अंग वर ओढलं. "हे मला जीपमध्ये नको. मी मागं कळा देत असेन आणि तुम्ही दोघं पुढं हे चालवणार. उद्या सकाळी जीप काढा. दोन्हीकडं जा, खाट आहे का, डॉक्टर कोण, रजेवर कधी, सगळं तोंडावर विचारून या. आणि आता काय भांडायचं ते इथं, माझ्यासमोर भांडा. कुठं न्यायचं ते ठरल्याशिवाय कुणाला जेवण नाही."

मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं. मी ओट्यावरची टोपली बाजूला केली, त्याला जागा दिली.

"बोल," मी म्हणालो. "तू आधी बोल."