चौथी पट्टी

“सहा नंबर, तुमच्यात पुढे कोण बसलंय?” मी वायरलेसवर विचारलं.

“न्हावी,” उत्तर आलं.

“त्याला सर्दी झालीय. काल दुकानात शिंकत होता. त्याला मागे घ्या आणि मास्तरांना पुढे बसवा.”

“बाई, तुम्हाला गावातल्या नाकांचीसुद्धा खबर असते,” सहा नंबर म्हणाला, आणि धुक्यात कुठेतरी दोघंतिघं हसल्याचं ऐकू आलं.

असावीच लागते. मी बर्फाच्या कारखान्यात कारकून. हजेरीपट सांभाळून सांभाळून कुणाला कधी पडसं होतं आणि कुणाचा गुडघा कधी धरतो हे मला पाठ झालंय. म्हणूनच बहुधा होड्यांचं काम माझ्या गळ्यात पडलं. अकरा होड्या, प्रत्येकीत तीन माणसं, सगळी आपखुशीने आलेली. समुद्रात कुणी हरवलं की बंदरावरच्या साहेबांचा फोन मला येतो. त्यांची मोठी लाँच खोल पाण्यात जाते आणि किनाऱ्याजवळचं पाणी आमच्या होड्या पिंजून काढतात. कोण कुठल्या होडीत, कोण सुकाणूवर, कोण पुढे, ही यादी माझी. मला स्वतःला पोहता येत नाही. धक्क्यावरून नुसती होडी हलताना पाहिली तरी पोटात ढवळतं. हिला पाण्याचं वावडं आणि हिच्या हातात अकरा होड्या, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता खेकडेवालीची होडी एकटीच किनाऱ्याला लागली. आत वल्ही होती, टोपल्या होत्या, बाई नव्हती. धुकं असं की कारखान्याच्या माडीवरच्या माझ्या खिडकीतून धक्कासुद्धा दिसत नव्हता. खिडकीत कुणी पांढरा कागद चिकटवावा तसं सगळं कोरं.

“पाणी गार आहे,” साहेब फोनवर म्हणाले होते. “फार तर साडेदहापर्यंत. पुढचं मी काही सांगू शकत नाही.”

धुक्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, तेव्हा आम्ही कान लावतो. टेबलाच्या काचेखाली किनाऱ्याचा नकाशा आहे. भरती-ओहोटीची ओढ कुठे आहे ते पाहून मी काचेवर खडूने पट्ट्या आखते, एका होडीला एक. दर अर्ध्या तासाने मी वायरलेसवर म्हणते, “इंजिन बंद.” अकराच्या अकरा इंजिनं थांबतात. दोन मिनिटं कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही, जॅकेटसुद्धा खसखसवायचं नाही. पुढचा माणूस टोपी काढून तोंड पाण्याकडे करून बसतो, आणि त्याचा शब्द अखेरचा. पूर्वी एकदा एका होडीतल्या तिघांना तीन दिशांनी हाका ऐकू आल्या आणि ते भांडत बसले. तेव्हापासून हा नियम.

गावालाही ही सवय लागली आहे. धक्क्यावर पिवळं निशाण चढलं की पोरं दारोदार सांगत पळतात, मग कारखान्यात बर्फ फोडायचं यंत्र बंद होतं, हातगाड्या थांबतात, बायका नळ बंद करतात. मी भिंतीवरचं घड्याळ काढून खुर्चीतल्या उशीखाली ठेवते. त्याच्या टिकटिकीने समुद्रावर काय फरक पडणार, पण राहवत नाही. त्या दोन मिनिटांत आपण जागे आहोत की स्वप्नात, तेच समजत नाही. सगळं गाव श्वास धरून बसलेलं, आणि बाहेर पाणी हळूहळू दगडांवर चढतंय, उतरतंय. मला लहानपणी ताप चढला की घर असंच दूर गेल्यासारखं वाटायचं. दादा उशाशी बसलेला असायचा आणि मी बोलले नाही तरी त्याला मला काय हवं ते कळायचं.

हा दादा, माझा थोरला भाऊ, चार नंबरच्या होडीत पुढे होता.

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची आणि तो अठराचा. माझं शिक्षण त्याने केलं, माझ्या वेण्यासुद्धा त्यानेच घातल्या, वाकड्या का होईना. चाळीस वर्षं त्याने होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. इंजिनावर कान ठेवून तो आत काय बिघडलंय ते सांगायचा. सतरा वर्षांपूर्वी उलटलेल्या एका नावेच्या पोटातून कुणीतरी ठोकतंय हे सगळ्या ताफ्यात त्याला एकट्याला ऐकू आलं. आतला माणूस जिवंत निघाला. त्या दिवसापासून गाव त्याला कानसेन म्हणू लागलं. वरवर तो वैतागायचा. पण नवीन माणसाला कुणी “हे आमचे कानसेन” म्हणून ओळख करून दिली की मिशीत हसायचा.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्या घरी गेले होते. तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. हाताच्या अंतरावर शेगडीवर किटली होती आणि तिची शिट्टी जिवाच्या आकांताने ओरडत होती. वाफेने फळी ओली झाली होती.

“ये. चहा घेशील ना?” तो पानं उलटत म्हणाला. “पाणी ठेवलंय, होईलच इतक्यात.”

मी शेगडी बंद केली. निघताना वहिनी दारापर्यंत आली.

“बारीक आवाज ऐकूच येत नाहीत त्यांना,” ती हळू म्हणाली. “माणसाचं बोलणं येतं, इंजिन येतं. तुम्ही काही बोलू नका, ताई. तेवढंच एक उरलंय त्यांच्याकडे.”

मी बोलले नाही. नावेवर ठोकल्याचा आवाज जाड असतो, माणसाची हाक जाड असते, मग अडतंय कुठे, अशी मी माझीच समजूत घातली. न्हाव्याला सर्दी झाली तर मी त्याला मागे बसवते. दादाचं नाव मात्र पुढेच लिहीत राहिले.

साडेनऊला मी दुसऱ्यांदा इंजिनं थांबवली. दोन मिनिटांनी एकेक होडी बोलू लागली.

“एक नंबर, काही नाही.”

“दोन नंबर, काही नाही. बगळे आहेत.”

“तीन नंबर, काही नाही.”

चार नंबरचा वायरलेस पाववाल्याकडे होता. त्याचं बटण दाबल्याचा आवाज आला आणि मग तो लगेच बोललाच नाही. “चार नंबर,” तो म्हणाला. “काही नाही.”

मी काचेवरच्या चौथ्या पट्टीवर फुली मारली. होड्या पुढच्या पट्ट्यांकडे निघाल्या.

तेवढ्यात जिना चढून खेकडेवालीची बहीण आली. पायात चप्पल नव्हती. तिला मी बसायला सांगितलं, ती बसली नाही.

“जॅकेट नव्हतं तिच्या अंगात,” ती म्हणाली. “किती वेळा सांगितलं, ऐकत नाही. पण तुम्ही दिलेली शिट्टी गळ्यात आहे. ती झोपतानासुद्धा काढत नाही.”

शिट्ट्या आम्ही गेल्या वर्षी वाटल्या होत्या, नारिंगी रंगाच्या. दोऱ्या मी माझ्या हाताने कापल्या होत्या. मी वायरलेस उचलला.

“चार नंबर,” मी म्हणाले. “पाववाले, तुम्ही मघाशी बोलता बोलता थांबलात. का?”

“काही नाही, बाई. एखादा पक्षी असेल असं वाटलं. मी दादांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. म्हणजे नाहीच.”

“कसला पक्षी?”

“बारीक आवाजाचा.”

वायरलेसवर आम्ही बोललेलं अकराही होड्यांना ऐकू येतं. चार नंबरमध्ये वायरलेस दादाच्या पाठीमागे जेमतेम दीड हातावर असतो. माणसाचं बोलणं दादाला ऐकू येतं. मला खोटं बोलायचं होतं, हे मी लपवत नाही. ओढ बदललीय, चौथी पट्टी पुन्हा करा, एवढंच म्हणायचं. कुणाला शंका आली नसती. पण ओढ बदलली म्हटल्यावर बाकीच्या दहा होड्यांनी आपापल्या पट्ट्या सरकवल्या असत्या. धुक्यात सगळ्यांना माझ्याच शब्दावर चालायचं होतं आणि माझ्या एका खोट्याने ती सगळी भलतीकडे गेली असती. दुसरी होडी चौथ्या पट्टीत पाठवावी तर तिला पोचायलाच अर्धा तास. बहीण माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. उशीखालचं घड्याळ काढून पाहिलं. दहाला पंधरा कमी.

मी बटण दाबलं.

“चार नंबर, मागे फिरा. चौथी पट्टी पुन्हा घ्या. पाववाले पुढे बसतील.” एवढं पुरलं असतं. पण मी इतक्या वर्षांत वायरलेसवर त्याला कधी नात्याने हाक मारली नव्हती, आणि त्या दिवशी तोंडून निघून गेलं. “दादा, तू मागे ये.”

एरवी माझ्या प्रत्येक वाक्यावर कोटी करणारा सहा नंबरसुद्धा गप्प. धुक्यात तेहेतीस माणसं आणि त्यांतल्या बत्तीस जणांना एकदम सगळं कळलेलं. मला वाटलं, दादा आता विचारेल. का म्हणून? त्याने विचारलं असतं तर मी काय सांगणार होते कोण जाणे.

“येतो,” दादाचा आवाज आला. त्यानंतर होडीत कुणी जागा बदलताना होतो तसा पाण्याचा डुबुक आवाज, आणि बटण सुटलं.

दहा वाजता मी पुन्हा म्हणाले, “इंजिन बंद.” बर्फाचं यंत्र थांबलं. धक्क्यावरचं बोलणं विरत गेलं. बहिणीने तोंडावर पदर धरला. खिडकी पांढरीच होती, आणि त्या पांढऱ्यात मी इतकी एकटक बघत होते की मला तिथे दादाची पाठ दिसू लागली, तरुण, चेक्सच्या शर्टातली, माझ्यापुढे सायकल चालवणारी. खरंच दिसली. मी तिला म्हणत होते, जरा थांब.

“आहे,” पाववाला म्हणाला. तो रडत होता. “आहे, बाई. डाव्या हाताला. वाजवतेय ती.”

तिला पाण्यातून दादानेच वर ओढलं, असं सुकाणूवरच्या सुताराने नंतर सांगितलं. आडव्या तरंगणाऱ्या एका लाकडाला धरून ती लटकत होती आणि हात सुटता सुटत नव्हते. दादाने तिचं एकेक बोट सोडवलं. किनाऱ्याला लागेपर्यंत तिला पोटाशी धरून तो बसला.

धक्क्यावर होड्या लागल्या तेव्हा मी खाली उभी होते. लोक पाववाल्याची पाठ थोपटत होते. दादा सगळ्यांच्या मागून उतरला. कुणी त्याला कानसेन म्हणून हाक मारली नाही. माझ्यासमोरून तो गेला, आणि माझ्याकडे न बघता गेला. आमच्या पन्नास वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? पाचव्या दिवशी दुपारी तो कारखान्यात आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“चल,” म्हणाला. “दवाखान्यात जाऊ.”

खेकडेवालीची खाट खिडकीपाशी होती. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागत होती, पण बोलायची हौस दांडगी. दादाला बघून ती उठून बसायला लागली.

“भाऊ, तुम्हीच ओढलंत ना मला? सुतार सांगत होता.”

“निजून राहा,” दादा म्हणाला आणि स्टुलावर बसला.

“एक सांगू?” ती म्हणाली. “आधी एक होडी आली होती. अगदी जवळ. दिसली नाही, पण इंजिन थांबलं ते कळलं मला. म्हटलं, झालं, सुटले. होता नव्हता तेवढा जीव काढून शिट्टी वाजवली. आणि ती होडी निघून गेली. बुडायची भीती नाही वाटली हो मला तेवढी. ते इंजिन परत सुरू झालं ना, तेव्हा वाटली.”

दादा आपल्या हातांकडे बघत होता. नखांतलं काळं तेल चाळीस वर्षांत कधी गेलं नाही.

“ती माझीच होडी होती,” तो म्हणाला. “पुढे मी होतो.”

“यादी मी करते,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “ह्याला बारीक ऐकू येत नाही, हे मला हिवाळ्यापासून माहीत होतं. तरी मी ह्याला पुढे बसवलं.”

दादाने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला माहीत होतं, हे त्याला माहीत नव्हतं. खेकडेवालीने पायांवरची चादर ओढून सारखी केली, मग पुन्हा सारखी केली. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं.

नारिंगी शिट्टी औषधांच्या बाटल्यांशेजारी पडलेली होती.

“घेऊ?” दादाने तिला विचारलं.

तिने मान डोलावली. त्याने ती शर्टाला पुसली, तोंडात धरली आणि जोरात फुंकली. अख्खा वॉर्ड वळला. पलीकडची म्हातारी दचकून उठली, दारातून नर्स धावत आली. दादाचे गाल फुगले होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तो थांबला, शिट्टी उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा फुंकली, आणखी जोरात, दम संपेपर्यंत.

मग तोंड पुसून त्याने मला विचारलं, “वाजली का ग?”

“वाजली, दादा,” मी म्हणाले.