नमद्याचं घर

आयझाननं दोन्ही काठ्या एकदम लोकरीवर हाणल्या आणि जमलेली माणसं दचकून मागं सरली. कश्मिरा मात्र जागची हलली नाही. ती कशाला दचकेल! सकाळीच सलीलनं तिचं डोकं कपाटावर आपटलं होतं आणि वर बजावलं होतं, "ओढणी नीट घे. ऑफिसचे सगळे येणारेत." चारुलताबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मीना सलमान या आखाती बंदरातल्या एका गोदामात प्रदर्शन भरलं होतं. आयझान कझाकस्तानची. तिच्या आज्या-पणज्या लोकर झोडून, लाटून तिचा नमदा करायच्या आणि त्याची घरं उभारायच्या. तिनंही तसंच एक गोल घर उभारलं होतं. भिंतींवर मेंढ्याच्या शिंगांची जुनी नक्षी होती, पण दाराशी टांगलेले चाबूक तिनं विणले होते कमरेच्या पट्ट्यांचे आणि चार्जरच्या वायरींचे. बाजूला बसून ती स्वतः न थांबता लोकर झोडत होती.

दाराशी प्रदर्शनातली मदतनीस लाईबा होती.

"आंटी, इनके यहाँ चाबुक लेकर घर में नहीं जाते. जो लेकर घुसा, वो दुश्मन. फिर घर का ही आदमी क्यूँ न हो. तो जिससे मारते हो, वो यहीं टाँग दो."

पुरुष हसत हसत पट्टे काढून टांगत होते. कश्मिरा सरळ आत गेली.

"आप भी जाइए ना. आपके हाथ में तो कुछ नहीं है," असं म्हणून लाईबा नव्या पाहुण्यांकडे वळली.

चारुलताबाईंचा पाय उचलेना. हात रिकामे होते, खरं आहे. जन्मात त्यांनी कुणाला चापट मारली नव्हती. पण अमवाजमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सलीलचा आवाज चढला, की त्या मिक्सर लावायच्या. शेजाऱ्यांना कळायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या घरात शेंगदाण्याची चटणी कधी संपली नाही. कश्मिरानं ती कधी बोटानंसुद्धा चाखली नव्हती, हे त्यांच्या आज ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"आई, ती कुठंय?"

गाडी लावून सलील आला होता. उत्तराची वाट न बघता तो आत शिरला, पट्टा कमरेलाच.

"चल. बॉस थांबलाय."

"मी येत नाही. आता घरीही येणार नाही."

आत आता दुसरं कुणी नव्हतं. दारातून चारुलताबाईंना सगळं दिसलं. त्यानं तिचे केस मुठीत धरून मान मागं खेचली आणि तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. ती ओरडलीसुद्धा. पण नमदा बोटभर जाड आणि बाहेर काठ्यांचा दणदणाट; गोदामात एकाचीही मान वळली नाही.

सलीलनं दाराकडे पाहिलं. आईची नजर भेटली, तरी त्यानं केस सोडले नाहीत. आईच तर आहे, तिची कसली भीती!

चारुलताबाई मागं फिरल्या. तरातरा आयझानपाशी गेल्या आणि तिनं उगारलेल्या दोन्ही काठ्या त्यांनी वरच्या वर धरल्या.

"खलास," त्या म्हणाल्या. "बस. खलास."

काठ्या थांबल्या. सगळं गोदाम चिडीचूप झालं, आणि आतला पुढचा फटका सगळ्यांनी ऐकला.