पायथ्याशी कोमट पाणी

बोलतेय ती मी बर्फाची लादी. पण आता मला लादी म्हणावं, तुकडा म्हणावं की नुसतं टबातलं पाणी, ते माझं मलाच कळेनासं झालंय.

पनवेलच्या बर्फ कारखान्यात, पत्र्याच्या साच्यात माझा जन्म झाला. बहिणींसारखी मीही मासळीबाजारात गुणाबाईच्या पापलेटांखाली आडवी होणार होते. पण तिच्या लेकीने, मनस्वीने, मला कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात नेलं, टबात उभं केलं आणि पायाशी कोमट खारं पाणी ओतलं. म्हणाली, "आता तू हिमनदी." झालं! मासळीसाठी जन्मलेल्या मला हिमनदी कशी वागते ते काय ठाऊक?

समुद्राला भिडलेली हिमनदी काही नुसती उन्हाने संपत नाही. खालचं कोमट पाणी पायथा पोखरतं, वरचा कडा अधांतरी राहतो आणि हिमनग सुटून पडतो. मनस्वीला हेच दाखवायचं होतं. तिची वर्षभराची मेहनत माझ्या मोडण्यावर अडली होती.

आईला राखणीला बसवून ती परीक्षकांना बोलवायला गेली. माझे पाय झिजताना पाहून गुणाबाईला राहवेना. तीस वर्षांची सवय! तिने टब कलता करून पाणी सांडलं आणि मला गोणपाटात गुंडाळलं. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

"आये, हे काय केलंस!" मनस्वी रडकुंडीला आली. मागे परीक्षक बाई उभ्या.

"काय केला मी? बर्फ वाचवला! पान्यान उभा ठेवला त पायातून जातो, वरून काय पन दिसत नाय. आमी बर्फाखाली पानी ठेवीत नाय."

"हेच तर मनस्वीने लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तुम्हीच दाखवता का?"

गुणाबाई गोंधळली, मी तर पुरतीच. जिने वाचवलं तिनेच मोडायचं? तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, गोणपाट सोडलं आणि ती तांब्याने कोमट पाणी माझ्या पायाशी ओतत राहिली. नजर मात्र भिंतीकडे होती. कड्कन माझा कडा कोसळला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुणाबाईने तुकडा ओंजळीत उचलला.

"मने, त्या मोठ्या बर्फाखालचा पानी कोन काढील ग?"

तुम्हाला ठाऊक असेल तर लवकर सांगा हो, मी तिच्या बोटांमधून चाललेय.