साखरेच्या पाण्यातला दिवा

अकरावीची प्रॅक्टिकल परीक्षा दोन दिवसांवर आली होती आणि रसायनशास्त्राच्या निसळ सरांनी माझं जर्नल सगळ्या वर्गासमोर टेबलावर आपटलं.

"ज्ञानेश्वरी, साखरेच्या पाण्यात दिवा लागला? धादांत खोटं! खोड ते. 'लागत नाही' असं लिही, नाहीतर सही मिळणार नाही."

सही नाही म्हणजे परीक्षेला बसायचं नाही. मला रडू नव्हतं येत, संताप येत होता. मिरजगावच्या आमच्या कॉलेजात गेल्या वर्षीच्या पोरांचं जर्नल उतरवून काढायचं, ही रीतच. अख्ख्या वर्गात मी एकटीनं बॅटरी, दोन तारा आणि छोटा एलईडी जोडून प्रयोग केला, आणि खोटारडी मीच!

धडा मला पाठ होता. मिठात सोडियम आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो. दोघांवर विद्युतभार येतो, पाण्यात ते सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. हा आयनिक बंध. साखरेतले अणू इलेक्ट्रॉन सामाईक वापरतात, दोन भावांनी एक विहीर वापरावी तसे. हा सहसंयुज बंध. साखर विरघळली तरी आयन सुटत नाहीत, म्हणून दिवा लागायला नको. पण लागला होता, मंद का होईना.

"सर, लागला हुता. म्या डोळ्यानं बघितलंय!" राग आला की माझी पुस्तकी भाषा पळून जाते.

मी बीकरमध्ये नळाचं पाणी घेतलं आणि साखरेचा कणही न टाकता तारा बुडवल्या. एलईडी मिणमिणला. मागच्या बाकांवरची पोरं टेबलाभोवती जमली.

"हे बोअरचं पाणी हाय, सर. ह्यात आधीच क्षार हायेत. डिस्टिल्ड वॉटर कुठंय?"

"हनुमंत, तो कॅन आणा," सर ओरडले.

प्रयोगशाळेचे शिपाई हनुमंतमामा जागचे हलले नाहीत. "सर, त्यो तर वर्षभर हापिसातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओततोय. तुमीच सांगितल्तं न्हवं?"

मी तडक हायवेपलीकडच्या बॅटरीवाल्याकडून नवा कॅन आणला. त्या पाण्यात साखर घातली. एलईडी विझलेलाच. दुसऱ्या बीकरमध्ये चिमूटभर मीठ टाकलं, तर लख्ख लागला.

"बघ! आलं ना बरोबर उत्तर?" सरांचा चेहरा खुलला. "आता तेवढंच लिही."

मी लिहिलं, पण पहिलं खोडलं नाही. बोअरच्या पाण्यात मंद लागतो, डिस्टिल्ड पाण्यात लागत नाही, आणि खाली कारण. सरांनी आठ्या घालून सही केली.

टेबलावर बाकीची बेचाळीस जर्नलं होती, सगळ्यांवर सह्या झालेल्या. प्रत्येकात साहित्याच्या यादीत पहिलं नाव डिस्टिल्ड वॉटर.

"सर, मग ह्यातलं खोटं कुणी लिहिलं?" मी विचारलं.

सरांनी गठ्ठा उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.