गोळीनंतरचा चहा

ही गेल्यापासून पहाटेचा चहा मीच करतो. दोन कप, एक माझा आणि एक सुनेचा. मुलगा त्या वेळी झोपलेला असतो.

सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीच्या दोन्ही वेळा मूल टिकलं नव्हतं. तपासण्या केल्या तेव्हा कळलं, की तिचं शरीर आपल्याच गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला परकं समजून तिच्यावर उठलंय. ग्रंथी मंदावली की मूल राहणं आणि टिकणं अवघड जातं. म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला, तरी रक्ताचा रिपोर्ट सुधारेना. मुलाला रजा नव्हती, म्हणून दवाखान्यात सोबत मी गेलो.

"गोळी चुकत नाही ना?" बाईंनी विचारलं.

"एक दिवसही नाही."

"आणि चहा कधी घेतेस?"

सून घुटमळली. "लगेच. बाबा करून देतात."

"अगं, चहा-दुधानं गोळी अंगी लागत नाही! तासभर थांब म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं. पण आई गेल्यापासून बाबा एकटेच कप घेऊन बसतात. मला बघवत नाही."

बाई माझ्याकडे वळल्या. "मग आजोबा, तुम्हीही थांबा तासभर."

'आजोबा' ऐकून मी लगेच कबूल झालो.

पण तो तास काढायचा कसा? मी शिंपी माणूस. दुकानातले सदरे घरी आणले आणि तिला बटणं लावायला बसवलं. पहिलंच बटण तिनं इतकं आवळलं, की काजात घातलं तर बाहेर निघेना.

"सूनबाई, हा सदरा गिऱ्हाइकानं एकदा घातला की अंगातून निघायचा नाही."

"बरंच की! सोडवायला आपल्याच दुकानात येईल."

थेट हिच्यासारखं बोलली. त्या दिवशी चहाची आठवण उशिराच झाली.

पुढचा रिपोर्ट सुधारला. आधीची दोन ज्या महिन्यात गेली तो महिना आला, तेव्हा आम्ही दोघंही मुकाट्यानं बटणं लावत होतो. महिना सरला. त्या दिवशी तिनं एका सदऱ्याला एक बटण जास्तच लावलं. मी उसवलं नाही.

नात झाली. डोस कमी झाला, पण गोळी सुटली नाही. पहाटे सून गोळी घेऊन बटणं काढून बसते आणि नात माझ्या मांडीवर. चहाची वेळ झाली की नेमकी तिला झोप लागते, मग मला हलता येत नाही. चहा आता सूनच करते.

ही असती तर मला चहाला पिटाळून नात स्वतःच्या मांडीवर घेतली असती.